मामांचं बोट नेमकं कुठे उठायचं? जुन्या लाइव्ह जॅझवर जीव असणाऱ्यांविषयी

तुमचा प्रश्न वाचला आणि त्यातल्या एका तपशिलापाशी थांबलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. मामा मागच्या वर्षी गेले आणि त्यांच्या रेकॉर्ड तुमच्याकडे आल्या. पियानोवादक बिल एव्हान्सच्या ट्रिओची, म्हणजे तीन वादकांच्या संचाची, 'वॉल्ट्झ फॉर डेबी' ते जवळजवळ दर रविवारी लावायचे. नेहमी पहिलीच बाजू. डोळे मिटून बसायचे आणि दुसऱ्या गाण्यात, सुरुवातीनंतर थोड्या वेळाने, एका ठरावीक जागी त्यांच्या उजव्या हाताचं बोट हळूच वर व्हायचं. आता तुम्ही तीच रेकॉर्ड तीन-चारदा ऐकलीत. तुम्हाला ग्लासांची किणकिण ऐकू आली, मागे कुणीतरी हसलेलं ऐकू आलं, आणि पियानो 'छान, पण सगळा एकसारखा' वाटला. तुमचा प्रश्न असा, की गर्दीत टेप केलेल्या या साठ वर्षं जुन्या ध्वनिमुद्रणांवर लोक इतका जीव का टाकतात? स्टुडिओतली स्वच्छ ध्वनिमुद्रणं असताना हीच का? आणि हे सगळं निव्वळ जुन्या आठवणींचं प्रेम तर नाही?

मी पंचवीस वर्षं डबल बेस वाजवतोय आणि त्यातली निम्मी वर्षं नव्या श्रोत्यांबरोबर बसून ऐकण्याच्या बैठकाही घेतोय. तुमचा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत अनेकांनी विचारला आहे. माझ्या मते 'लोकांना हे का आवडतं' हा त्याचा वरचा थर झाला. खाली खरा प्रश्न असा आहे: मामांना तिथे काहीतरी ऐकू येत होतं, ते मला ऐकू येत नाही, येईल का?

बहुतेक येईल. पण ते काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या आधीच सांगायला हव्यात. शब्द नसलेलं संगीत लक्ष देऊन ऐकायची सवय किती आहे, यावर बरंच ठरतं. मूळ गाण्याची चाल ओळखीची आहे का, यावर त्याहून जास्त ठरतं. आणि कशावर ऐकताय, हेही साधं वाटलं तरी मोठं आहे. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर बेसचे खालचे स्वर जवळपास नाहीसे होतात. तीन जणांच्या संचातला एक जण तिथेच गळतो, आणि या ट्रिओत तर संभाषणातला निम्मा वाटा त्या एकाचा आहे. तुम्ही रेकॉर्ड मोबाइलवर ऐकलीत की प्लेअरवर, हे लिहिलेलं नाही. मोबाइलवर ऐकली असेल, तर 'एकसारखा पियानो' हे तुमचं वर्णन अगदी बरोबर आहे, कारण तुम्हाला तेवढंच मिळालं. आणि हेही खरं, की काहींना सगळं नीट ऐकूनही हे संगीत लागत नाही. त्यात त्यांची काही उणीव नसते.

आता साच्याविषयी, कारण तो कळला की निम्मं धुकं जातं.

जुन्या जॅझमधली बरीचशी गाणी दोन साच्यांवर उभी आहेत. एक बत्तीस बारचा (बार म्हणजे मात्रांचा एक ठरावीक गट), दुसरा बारा बारचा, म्हणजे ब्लूजचा. बत्तीस बारचं नेहमीचं गाणं घेतलं तर त्यात आठ-आठ बारचे चार तुकडे असतात: पहिला, पुन्हा तोच, मग वेगळ्या रंगाचा तिसरा ज्याला ब्रिज म्हणतात, आणि शेवटी परत पहिला. बारला चार मात्रा धरल्या तर हे १२८ मात्रांचं आवर्तन झालं. वादक त्याला कोरस म्हणतात. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात आणि मग तेच आवर्तन फिरत ठेवून एकेक जण त्यावर नवं रचत जातो. ख्याल ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ठेका फिरत राहतो, गाणारा कुठेही गेला तरी समेवर सगळे भेटतात. इथे ठेक्याबरोबर स्वरगुच्छांची, म्हणजे कॉर्ड्सची ठरलेली मालिकाही फिरत असते, एवढं जास्तीचं.

हे कळलं नाही तर सोलो, म्हणजे एकेकाचं असं वादन, नुसता स्वरांचा पाऊस वाटतो. कळलं, की प्रत्येक स्वराला जागा मिळते. हा आता ब्रिजवर आलाय, हा पुढच्या आवर्तनात दोन मात्रा आधीच घुसला, याने शेवटचे आठ बार मुद्दाम मोकळे सोडले, असं ऐकू यायला लागतं. आणि नेमकं याच ठिकाणी लाइव्ह ध्वनिमुद्रणाची किंमत समजायला लागते.

एक माझा अनुभव सांगतो. एका छोट्या कार्यक्रमात आम्ही चौघे बत्तीस बारचं एक गाणं वाजवत होतो. सॅक्सोफोनचा सोलो रंगला होता, मी त्याच्यामागे इतका गुंतलो की आवर्तनातली जागा चुकली. सगळे ब्रिजवर गेले आणि मी पहिल्याच तुकड्याच्या कॉर्ड्स धरून बसलो. पियानोवाल्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याने डाव्या हाताने ब्रिजच्या दुसऱ्या बारची कॉर्ड नेहमीपेक्षा जड वाजवली, ड्रमरने पुढच्या समेवर झांजेवर एक ठोका ठेवला, आणि मी दोन बारांत जागेवर आलो. गंमत म्हणजे सॅक्सोफोनवाल्याने तो जड स्वर उचलला आणि त्याच्यावरच पुढची ओळ बांधली. त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. बैठकीत मी काही न सांगता तो तुकडा लावतो तेव्हा साचा कळलेले लोक तिथे हमखास सावरून बसतात. आत काय चुकलं ते त्यांना सांगता येत नाही, पण चार माणसांनी तिथे काहीतरी सांभाळलं हे त्यांना ऐकू येतं. स्टुडिओत आम्ही तो टेक फेकून दिला असता आणि दुसरा वाजवला असता.

लाइव्ह जॅझवरचं प्रेम मुळात हे आहे असं मला वाटतं. माणसं एकमेकांचं ऐकताहेत आणि त्याच क्षणी निर्णय घेताहेत, हे आपल्याला ऐकता येतं. ते जुनं आहे म्हणून आवडतं असं नाही. ते घडत असताना आपण तिथे असतो, दर वेळी.

याला इतिहासाचाही एक धागा आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटंच मावायची. त्यामुळे रात्री क्लबमध्ये दहा-बारा मिनिटं चालणारं गाणं स्टुडिओत कापून-छाटून तीन मिनिटांत बसवावं लागे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस टेप रेकॉर्डर वापरात आले आणि १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली. एका बाजूला वीस मिनिटांच्या वर संगीत मावायला लागलं, आणि यंत्र उचलून क्लबमध्येही नेता यायला लागलं. तेव्हा घरी रेकॉर्ड लावणाऱ्या माणसाला कळलं की हे लोक रात्री नेमकं काय करतात. आपण ज्यांना अभिजात लाइव्ह रेकॉर्ड म्हणतो, त्यातल्या इतक्या पन्नास आणि साठच्या दशकातल्या का आहेत, याचं एक कारण हे आहे.

त्या लांबीने काय घडू शकतं याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे ७ जुलै १९५६ ची, अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवातली रात्र. ड्यूक एलिंग्टनचा ऑर्केस्ट्रा मध्यरात्रीच्या सुमाराला मंचावर आला. काही लोक उठून निघालेही होते. एलिंग्टनने १९३७ साली लिहिलेली ब्लूजची जोडरचना काढली, 'डिमिन्युएन्डो अँड क्रेशेन्डो इन ब्लू', आणि दोन भागांच्या मध्ये टेनर सॅक्सोफोनवर पॉल गोन्साल्व्हिसला मोकळं सोडलं. तो सत्तावीस आवर्तनं वाजवत राहिला. बारा बारांची सत्तावीस आवर्तनं म्हणजे ३२४ बार. काळ्या पोशाखातली एक बाई उठून नाचायला लागली, तिच्यामागून लोक खुर्च्यांवर चढले, मंचाच्या कडेला बसलेला जुना ड्रमर जो जोन्स गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने ताल धरून ऑर्केस्ट्राला हाकत होता. त्या टेपवर प्रेक्षकांचा आवाज आवर्तनागणिक कसा वर चढत जातो ते नीट ऐका. सहा-सात आवर्तनांपर्यंत तो मागे आहे. नंतर नंतर तो संगीताचाच भाग होतो, आणि ऑर्केस्ट्रा त्या आवाजाला उत्तर द्यायला लागतो. गोन्साल्व्हिस एका आवर्तनात फार काही अवघड वाजवत नाही. तो थांबत नाही आणि लय सोडत नाही, एवढंच. सोलो म्हणून कागदावर उतरवला तर तो कुणाला सामान्यही वाटेल. त्या रात्री, त्या लोकांसमोर, मागे तो ताल असताना त्याचं जे झालं, ते फक्त टेपवर आहे. पुढच्याच महिन्यात एलिंग्टन 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होता.

पण याच रेकॉर्डची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण तुम्ही 'स्वच्छ' आणि 'अस्सल' यांचा मुद्दा काढला आहे. गोन्साल्व्हिस त्या रात्री चुकून दुसऱ्याच मायक्रोफोनसमोर उभा राहिला. तो मायक्रोफोन 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या रेडिओचा होता, त्यामुळे रेकॉर्ड कंपनीच्या टेपवर त्याचा आवाज दूरचा आला. शिवाय त्या वर्षी निघालेल्या एलपीतला बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून, वर टाळ्या मिसळून तयार केलेला होता. पुढे रेडिओची टेप सापडली, दोन्ही टेप जुळवून १९९९ मध्ये पूर्ण मैफल निघाली आणि लोकांनी त्या सोलोचा खरा आवाज पहिल्यांदा जवळून ऐकला. टोरंटोच्या मॅसी हॉलमधली १५ मे १९५३ ची मैफलही अशीच. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच एकाच मंचावर, आणि त्याच रात्री मुष्टियुद्धाचा मोठा सामना असल्याने सभागृह बरंच रिकामं. टेपवर बेस फारसा ऐकूच येत नव्हता, म्हणून मिंगसने नंतर स्वतःचा बेस पुन्हा वाजवून वर चढवला. बेसवाला म्हणून मला त्याचं अगदी पटतं, तरी ऐकणाऱ्याला हे माहीत असावं. तेव्हा 'लाइव्ह' हा शिक्का पाहून सगळं तसंच घडलं असं धरून चालू नका. माझा या रेकॉर्डवरचा जीव हे कळल्याने कमी झाला नाही. आता मी त्यांत कुठे कान द्यायचा ते जास्त नीट जाणतो.

चुकांचंही तसंच. गायिका एला फिट्झगेराल्ड १९६० मध्ये बर्लिनला गाताना 'मॅक द नाइफ'चे शब्द विसरली. ती थांबली नाही. शब्द विसरल्याचंच तिने चालीत बसवून गायलं आणि पुढे नवीन ओळी जागच्या जागी करत गेली. त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. तिच्या कितीतरी निर्दोष स्टुडिओ रेकॉर्ड माझ्याकडे आहेत आणि मी त्या ऐकतोही, पण ज्यांना पहिल्यांदा एला ऐकवायची असते त्यांना मी ती बर्लिनची ऐकवतो. तिचं डोकं किती चपळ होतं आणि ताल किती पक्का होता, ते तिथे दोन मिनिटांत कळतं.

आता तुमच्या रेकॉर्डकडे येतो.

न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये सेव्हन्थ अॅव्हेन्यू साउथवर एक तळघर आहे, व्हिलेज व्हॅनगार्ड. मॅक्स गॉर्डनने ते १९३५ मध्ये सुरू केलं आणि ते आजही चालू आहे. जेमतेम सव्वाशे माणसं मावतात. खोलीचा आकार पाचरीसारखा, निमुळत्या टोकाला मंच. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सने तिथे १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये पियानोशिवायच्या त्रयीत ध्वनिमुद्रण केलं, दुसरा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये. आणि त्याच १९६१ मध्ये २५ जूनला, रविवारी, बिल एव्हान्स पियानोवर, स्कॉट लाफारो बेसवर आणि पॉल मोशन ड्रम्सवर, असे तिघे तिथे वाजवत होते. दुपारी दोन आणि रात्री तीन, असे पाच सेट, म्हणजे वादनाच्या फेऱ्या, झाले. त्या एका दिवसातून दोन एलपी निघाल्या. मामांची त्यातली दुसरी.

ग्लासांची किणकिण त्याच खोलीतली आहे. लोक खात-पीत बसलेत, काही बोलताहेत, काहींचं लक्षही नाही. 'माय फूलिश हार्ट' लावा, तुमच्या रेकॉर्डवरचं पहिलं गाणं. पाचेक मिनिटं जवळपास मूळ चालच वाजते, नवे स्वर फार थोडे. लाफारो इतके कमी स्वर वाजवतो की दोन स्वरांमध्ये वाट पाहायला लागते. मोशन ब्रशांनी झांजेवर नुसता श्वासासारखा आवाज धरून ठेवतो. त्यात कुठेतरी ग्लास वाजतो. मला विचाराल तर त्या ग्लासामुळे त्या जागेची खोली कळते: पियानो इतका जवळ, माणसं तितकी दूर, आणि मधली शांतता किती आहे ते. तो आवाज काढून टाकलेली आवृत्ती कुणी दिली तर मी घेणार नाही.

बेसवाला म्हणून लाफारोबद्दल थोडं जास्त लिहितो. त्या काळापर्यंत बहुतेक संचांत बेसचं मुख्य काम चारही मात्रांवर एकेक स्वर ठेवत चालत राहण्याचं होतं. ते काम सोपं नाही आणि मी आजही बहुतेक वेळ तेच करतो. लाफारो मात्र पियानोच्या ओळीला मध्येच उत्तर देतो, वरच्या सप्तकात जाऊन स्वतःची चाल मांडतो, मग अचानक खाली येऊन जमीन धरतो. तो सोडतो तेव्हा ताल कुठे जातो? तिघांच्या डोक्यात. कुणी एक जण ताल मोजून दाखवत नाही आणि तरी तिघे एकाच जागी येतात. तुम्हाला 'एकसारखा पियानो' ऐकू आला, कारण तुम्ही पियानो पुढे आणि बाकी मागे असं ऐकत होतात. इथे पुढे-मागे असं काही नाही. पुढच्या वेळी एक अख्खं गाणं फक्त बेस ऐका आणि पियानो साथीला आहे असं समजा. हे मी गमतीने सांगत नाही, बैठकीत मी हाच पहिला अभ्यास देतो.

आणि आता बोट. मी मामांना पाहिलेलं नाही, तेव्हा हा अंदाज समजा. पण 'वॉल्ट्झ फॉर डेबी' ही तीन मात्रांची चाल आहे. एव्हान्सने ती आपल्या पुतणीसाठी लिहिली आणि पहिल्यांदा १९५६ मध्ये एकट्याने पियानोवर ध्वनिमुद्रित केली. व्हॅनगार्डला ती सुरू होते तेव्हा फक्त पियानो आणि बेस आहेत. लहान मुलीला हाताला धरून चालवावं तशी ती तीनच्या लयीत डुलत जाते. चाल एकदा पूर्ण होते आणि तिथे लय तीनाची चार होते. नेमक्या त्याच जागी मोशनचे ड्रम्स आत येतात. कुणी खूण करत नाही, वेग वाढवत नाही. तरी खोलीतल्या हवेचा दाब बदलल्यासारखा वाटतो. तुम्ही लिहिलेली वेळ, दुसरं गाणं, सुरुवातीनंतर थोड्या वेळाने, याच जागेशी जुळते. मी स्वतः ती जागा किती वेळा ऐकली असेल ते मोजणं सोडून दिलंय, आणि मलाही तिथे काहीतरी होतं. मी मान हलवतो. मामा बोट उचलत असावेत. ती त्यांची दाद होती, मोशनला, आत आल्याबद्दल.

वादकांवरच्या प्रेमाचंही तुम्ही विचारलंय. एकेका वादकाचा स्वर माणसाच्या आवाजासारखा ओळखू येतो. सॅक्सोफोनवादक बेन वेब्स्टर संथ गाण्याच्या शेवटी स्वर सोडून नुसता श्वास ऐकू येऊ देतो, दोन सेकंदांत कळतं की हा तोच. दुसरा सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन संथ गाणं वाजवण्याआधी त्याचे शब्द प्रेक्षकांना म्हणून दाखवायचा आणि मग वाजवताना ते शब्द त्याच्या स्वरांत ऐकू यायचे. असा आवाज एकदा ओळखीचा झाला की आपण त्या माणसाबरोबर वर्षानुवर्षं राहतो. एव्हान्सने 'माय रोमान्स' १९६१ मध्ये व्हॅनगार्डला वाजवलं आणि १९८० च्या जूनमध्ये त्याच खोलीत, वेगळ्या साथीदारांबरोबर, पुन्हा वाजवलं. त्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी, १५ सप्टेंबरला, एक्कावन्नाव्या वर्षी तो गेला. एकोणीस वर्षांच्या अंतरावरची ती दोन वादनं लागोपाठ ऐकली की तोच माणूस किती घाईत आलाय, किती मोकळा झालाय आणि किती दमलाय, ते सगळं कळतं. त्याचं आयुष्य वाचायची गरज पडत नाही.

एक गोष्ट मी बैठकीत आधी सांगत नाही, नंतर सांगतो. तुम्हाला कदाचित माहीत असेल. त्या रविवारनंतर अकरा दिवसांनी, ६ जुलै १९६१ ला, लाफारो मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. एव्हान्स नंतर कित्येक महिने लोकांसमोर वाजवू शकला नाही. त्या दिवसाची पहिली एलपी लाफारोचं वादन पुढे यावं अशा बेताने निवडली गेली, त्याच्या स्वतःच्या दोन रचना तिच्यात आहेत. हे आधी सांगितलं तर लोक शोक ऐकायला लागतात, आणि त्या तिघांना त्या दिवशी कसलाही शोक नव्हता. ते कामावर होते आणि मजेत होते. म्हणून आधी संगीत ऐकवतो. मग हे सांगतो, आणि तेच गाणं पुन्हा लावतो. दुसऱ्या वेळी खोलीत जी शांतता असते ती वेगळी असते. दोन्ही ऐकणी खरी आहेत. फक्त क्रम उलटा करू नये, एवढं माझं ठाम मत आहे.

तुमच्या 'हे जुन्या आठवणींचं प्रेम आहे का' या प्रश्नाला माझं उत्तर यातूनच येतं. माझ्या बैठकींना विशी-बाविशीची मुलं येतात. त्यांना १९६१ ची कसली आठवण असणार? २००५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात पियानोवादक थेलोनियस मंक आणि कोल्ट्रेन यांच्या २९ नोव्हेंबर १९५७ च्या कार्नेगी हॉल मैफलीची टेप सापडली, तीही 'व्हॉइस ऑफ अमेरिका'च्याच खोक्यांतून. अठ्ठेचाळीस वर्षं ती कुणी ऐकली नव्हती. ती निघाली तेव्हा ऐकणाऱ्यांना जो आनंद झाला तो नवी बातमी कळल्याचा होता. आणि व्हॅनगार्डमध्ये १९६६ च्या फेब्रुवारीत थॅड जोन्स आणि मेल लुईस यांनी सोमवारी रात्री मोठा ऑर्केस्ट्रा वाजवायला सुरुवात केली. दोघेही गेले, पण तो ऑर्केस्ट्रा दुसऱ्या नावाने अजूनही सोमवारी तिथे वाजवतो. आठवणी आहेतच, मामांच्या तर तुमच्याकडेही आता आहेत. पण निव्वळ त्यांच्यावर इतकी वर्षं कुणी तळघराचे जिने उतरत नाही.

आता तुम्ही काय करावं. वर बरंच आलंय, तेव्हा फक्त क्रम सांगतो. 'माय फूलिश हार्ट' किंवा 'माय रोमान्स' आधी कुणाच्या तरी गळ्यातून ऐका, चाल गुणगुणता यायला लागेपर्यंत. मग मामांची रेकॉर्ड, बेस ऐकू येईल अशा स्पीकरवर किंवा चांगल्या हेडफोनवर. एकच गाणं, एका दिवशी एकदा फक्त बेससाठी, दुसऱ्या दिवशी फक्त झांजेसाठी. पूर्ण दिवसाचं ध्वनिमुद्रण आता उपलब्ध आहे. त्यात 'वॉल्ट्झ फॉर डेबी' दोनदा आहे. तीनाची चार होणारी जागा दोन्हींत ऐका आणि तिघे तिथे वेगळे कसे पोहोचतात ते पाहा. माझ्या अनुभवात बहुतेकांचा कान इथेच उघडतो, तीन-चार आठवड्यांत.

त्यानंतर एकदम कोल्ट्रेनच्या व्हॅनगार्डच्या टेपकडे जाऊ नका. मला तो प्राणाहून प्रिय आहे, पण 'चेसिन द ट्रेन' हा पंधरा मिनिटांच्या वर चालणारा ब्लूज आहे आणि तयारी नसताना तो अंगावर येतो. मध्ये पियानोवादक अहमद जमालचा ट्रिओ ऐका, शिकागोच्या पर्शिंग लाउंजमधला, जानेवारी १९५८ चा. ती रेकॉर्ड तेव्हा शंभरहून जास्त आठवडे खपाच्या यादीत होती. जमाल इतक्या जागा मोकळ्या सोडतो की साचा स्वतःहून दिसतो, आणि 'पॉइन्सियाना'तला ड्रमर व्हर्नेल फोर्नियेचा ताल पहिल्याच ऐकण्यात अंगात भिनतो.

शेवटी तुम्ही विचारलंय की मामांची प्रत दुसऱ्या गाण्यात चरचरते, तर ती काढून नवी घ्यावी का. आधी नीट स्वच्छ करून पाहा: मऊ ब्रशने कोरडी धूळ, मग डिस्टिल्ड पाण्याने ओलावलेल्या मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसा, आडवं नाही, आणि मधल्या लेबलला पाणी लागू देऊ नका. प्लेअरची सुईही तपासून घ्या. तरी चरचर त्याच जागी राहिली तर खाच झिजलेली आहे, इतकी वर्षं दर रविवारी वाजल्यावर ती झिजणारच. ऐकायला नवी प्रत घ्या, ही ठेवा. आणि ही उलटून दुसरी बाजू लावून पाहा. तुमच्या वर्णनावरून ती मामांनी फारशी लावलेली दिसत नाही, तेव्हा ती चांगली वाजेल. 'माय रोमान्स'ने सुरू होते. सुरुवातीला एव्हान्स एकटाच आहे. बेस आणि ड्रम्स कुठे आत येतात ते मला कळवा.